युद्धातलं मरण आणि बचावातलं मरण

एकांनी लिहिलंय की बचावकार्यात गेलेले वैमानिक म्हणजे शेवटी 'अपघाती मृत्यू', त्यांना रणांगणावरच्यांच्या रांगेत बसवू नये. मला हे अजिबात पटत नाही.

२५ जून २०१३ घ्या. केदारनाथच्या महापुरानंतर हवाई दलाचं एमआय-१७ व्ही-५ हेलिकॉप्टर परत येताना गौरीकुंडाजवळ कोसळलं. २० जण गेले: हवाई दलाचे ५, बाकी एनडीआरएफ (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) आणि आयटीबीपीचे (भारत-तिबेट सीमा पोलीस). विंग कमांडर डॅरिल कॅस्टेलिनो त्याचे कॅप्टन, म्हणजे मुख्य वैमानिक होते. अरुंद दरी, पावसाळी ढग, विरळ हवेमुळे पात्यांना कमी मिळणारी उचल आणि वळायला जागा नाही. हे माहीत असूनच ते गेले होते ना? आणि दुसऱ्या दिवशी बाकीची हेलिकॉप्टरं पुन्हा त्याच दऱ्यांत उडत होती.

२ सप्टेंबर २०२४ ला पोरबंदरजवळ तटरक्षक दलाचं ध्रुव हेलिकॉप्टर एका टँकर जहाजावरच्या जखमी खलाशाला आणायला रात्री निघालं आणि समुद्रात पडलं. चौघांतला एकच वाचला. वैमानिक राकेश राणा यांचा मृतदेह तर महिन्याहून अधिक काळाने सापडला. घरच्यांचे ते दिवस कसे गेले असतील!

घोरपडीचं युद्धस्मारक आपण पुणेकरांनी वर्गणी काढून उभं केलंय. मुलांना तिथे नेतो तेव्हा सगळे मिग विमानापाशी फोटो काढतात (आम्हीही काढलाय). पुढच्या वेळी या लोकांचीही गोष्ट सांगा त्यांना. लोहगावला, हवाई दलाच्या तळाजवळ राहणाऱ्यांना तर डोक्यावरून विमान गेलं तरी निमित्त पुरे.