मदत हवी आहे: आईला आयोडीन-१३१ दिलंय, चाळीत संडास सामायिक, घरात तीन वर्षांची मुलगी

नमस्कार मंडळी. आईच्या थायरॉइडच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं आणि परवा तिला किरणोत्सारी आयोडीनची कॅप्सूल दिली. ती वेगळ्या खोलीत आहे. रोज एक जण येऊन तिच्यापासून मीटरभर लांब उभे राहतात, हातातल्या यंत्रावरचा आकडा लिहून घेतात. तो पुरेसा उतरला की शुक्रवारी सोडणार. आम्ही करी रोडला चाळीत राहतो. एकच खोली, संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्यांचा एकच. मुलगी आजीच्या कुशीतच झोपते.

अर्धायुष्य ८ दिवसांचं, म्हणजे १६ दिवसांत सगळं संपेल असं मी धरून चाललो होतो. मग हिशेब मांडला: ८ दिवसांनी निम्मं, १६ दिवसांनी पाव, २४ दिवसांनी आठवा हिस्सा. संपतच नाही! शेजारच्या काकू म्हणतात, भांडी-गादी टाकून द्या.

आणि खरी भीती वेगळीच आहे. १९८६ साली चेर्नोबिलच्या अणुभट्टीतून हेच आयोडीन पसरलं आणि कितीतरी मुलांना थायरॉइडचा कर्करोग झाला. मग तेच औषध कसं? कृपया कुणीतरी नीट समजावून सांगा.

प्रतिसाद:
दादा, मी याच विभागात काम करते. आधी चेर्नोबिलचं. तिथे मुलांच्या पोटात दूषित दूध गेलं, आयोडीन त्यांच्या निरोगी, कोवळ्या ग्रंथीत साठलं. पेशी मेल्या नाहीत, जायबंदी होऊन जगल्या आणि पुढे त्यांतल्या काही बिघडल्या. तुमच्या आईंची ग्रंथी काढलेली आहे. उरल्यासुरल्या पेशी पुरत्या मराव्यात म्हणूनच मोठी मात्रा देतात. या आयोडीनमधून निघणारे बीटा कण शरीरात जेमतेम एक-दोन मिलिमीटर जातात, त्यामुळे काम तिथल्या तिथे होतं. आधी आयोडीनचं मीठ आणि मासळी बंद करायला लावली असेल ना? शरीराला साधं आयोडीन आणि हे यातला फरक कळत नाही, म्हणून पेशींना आधी उपाशी ठेवायचं.

तुमच्या हिशेबात लघवी राहिली. पेशींनी न घेतलेलं बरंचसं आयोडीन पहिल्या दोन-तीन दिवसांतच तिच्यावाटे निघून जातं, त्यामुळे आकडा ८ दिवसांच्या हिशेबापेक्षा खूप लवकर उतरतो.

याच आयोडीनचे गॅमा किरण मात्र शरीराबाहेर येतात, पण ते पडल्याने गादी किरणोत्सारी होत नाही. घाम, थुंकी, लघवी लागली तर त्यातलं आयोडीन तिथे राहतं. म्हणून आईंची भांडी-कपडे वेगळे धुवा, टाकू काहीच नका. अंतर दुप्पट केलं की मारा साधारण पाव होतो. लेकीला मात्र कुशीत अजिबात नाही. किती दिवस, ते आईंच्या आकड्यावरून डॉक्टरच सांगतील. आणि सामायिक संडासाचं आजच वॉर्डात सांगा, शुक्रवारपर्यंत थांबू नका.

मूळ लेखक:
ताई, लगेच फोन केला. संडासाचं ऐकून त्यांनी आईला आणखी दोन दिवस ठेवून घ्यायचं ठरवलं. मुलीला भांडुपला आत्याकडे पाठवतोय. आईच्या खोलीच्या काचेपलीकडून तिला आजी दाखवता येईल का, तेवढं सांगा.