ब्रूट शॅम्पेनला पावाचा वास आणि झोंबणारा आंबटपणा: जाणकारांची मदत हवी आहे

आंबट द्राक्षे
मंडळी, वाइनच्या बाबतीत मी काठावरचा माणूस. प्रोसेको (इटलीची फेसाळ वाइन) आवडते. फळांचा वास, किंचित गोडसर, घोट सहज उतरतो. त्याच भरवशावर परवा हौसेने शॅम्पेन उघडली आणि पंचाईत झाली. पहिल्याच घोटाला दात आंबले. नाकाला सफरचंद-नाशपाती राहिलं बाजूला, आधी भाजलेल्या पावाचा वास आला आणि मागोमाग भिजलेल्या खडूसारखं काहीतरी. बुडबुडे मात्र फार सुरेख, अगदी बारीक. बरोबरची मंडळी डोळे मिटून 'वा' म्हणत होती, मी मान डोलावून वेळ मारून नेली.

हा वास म्हणजे बाटली खराब, की तो असाच असतो? लेबलवर 'ब्रूट' होतं. पुढच्या वेळी काय बघून घेऊ? आणि पिताना माझं काही चुकतंय का? बर्फात बराच वेळ ठेवून, फ्लूटमध्ये (उंच, अरुंद ग्लासात) घेतली होती. आगाऊ धन्यवाद.

तळघर
बाटली खराब नव्हती. तुम्हाला जो पावाचा वास आला, तो मिळावा म्हणूनच हा सगळा उपद्व्याप करतात.

आधी साधी, फेस नसलेली वाइन तयार होते. बाटलीत भरताना तिच्यात लिटरमागे साधारण 24 ग्रॅम साखर आणि यीस्ट घालतात आणि वर पत्र्याचं झाकण ठोकतात. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल सव्वा टक्क्याच्या आसपास वाढतं, आणि कार्बन डायऑक्साइडला बाहेर पडायला वाट नसल्याने तो वाइनमध्येच विरघळतो. आतला दाब वातावरणाच्या जवळजवळ सहापट, म्हणजे मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या दुपटीहून जास्त. शॅम्पेनची बाटली जड असते ती उगाच नाही.

साखर संपली की यीस्ट मरून तळाशी बसतं. चवीचं काम खरं तर तिथून सुरू होतं. मेलेल्या पेशी हळूहळू फुटतात, त्यांच्यातली द्रव्यं वाइनमध्ये उतरतात, आणि पाव, टोस्ट, सुकामेवा असले वास तयार होतात. घोटाला थोडा भरीवपणाही येतो. याला घाई चालत नाही. बिनसालाची (म्हणजे लेबलवर द्राक्षतोडणीचं वर्ष नसलेली) शॅम्पेन किमान 15 महिने बाटलीत राहिलीच पाहिजे, त्यातले 12 गाळासोबत. सालवाली किमान 3 वर्षं. इटलीतल्या फ्रांचाकोर्ताला गाळावर किमान 18 महिने लागतात, स्पेनच्या कावाला 9.

तुमची प्रोसेको बहुधा टाकीत फेसाळलेली. दाब सहन करणाऱ्या मोठ्या बंद टाकीत दुसरं आंबवण करतात, गाळावर फार काळ ठेवत नाहीत, गाळून थेट बाटलीत भरतात. म्हणून फळाचा वास ताजा राहतो. यात कमी-जास्त काही नाही, दोघींचं ध्येयच वेगळं.

कोरडा हिशेब
तळघर यांनी वासाचं सांगितलं, मी आंबटपणाचं सांगतो.

शॅम्पेनचा प्रदेश उत्तरेकडचा, थंड. रँस शहर 49 अक्षांशाच्याही वर आहे. तिथे द्राक्षांत आम्ल टिकून राहतं आणि साखर बेताची भरते. बाटलीत अल्कोहोल आणखी वाढणार असल्याने सुरुवातीची वाइन हलकीच हवी असते. म्हणजे आंबटपणा हा पायाच आहे. तो झाकायचा किती, हे शेवटी ठरतं.

ते असं: बाटल्या थोड्या थोड्या फिरवत, तिरक्या करत उलट्या करतात, म्हणजे गाळ मानेत उतरतो. पूर्वी हे लाकडी फळ्यांवर हाताने चाले आणि त्यात आठवडे जात, आता बहुतेक ठिकाणी यंत्र ते आठवड्याभरात उरकतं. मग मान थंडगार द्रावणात बुडवतात. गाळाचा बर्फाळ खडा तयार होतो, झाकण काढलं की आतल्या दाबाने खडा फाटकन बाहेर उडतो. मागे आरसपानी वाइन. जेवढी सांडली तेवढी भर घालतात, आणि बहुतेकदा या भरीत साखर असते. तिलाच डोसाज म्हणतात.

लेबलवरचा शब्द या साखरेचा. लिटरला 3 ग्रॅमच्या आत आणि वरून काहीच घातलेली नसेल तर ब्रूट नेचर, 6 पर्यंत एक्स्ट्रा ब्रूट, 12 च्या आत ब्रूट, 12 ते 17 एक्स्ट्रा ड्राय, 17 ते 32 सेक, 32 ते 50 दमी-सेक. नीट बघा, एक्स्ट्रा ड्राय ही ब्रूटपेक्षा गोड! नाव ठेवणाऱ्याला साष्टांग नमस्कार. प्रोसेको बऱ्याचदा एक्स्ट्रा ड्राय असते, तुमची जीभ तिथे रुळलीय. तेव्हा पुढच्या वेळी पारंपरिक पद्धतीचीच (म्हणजे बाटलीतच फेसाळलेली), पण एक्स्ट्रा ड्राय किंवा सेक बघा. ब्रूट नेचरच्या वाटेला एवढ्यात जाऊ नका.

मंद घोट
वरच्या दोन्ही प्रतिसादांना +१. पण माझ्या मते निम्मा दोष बर्फाचा आणि फ्लूटचा.

फार गार वाइनला वासच उरत नाही, आंबटपणा आणि बुडबुड्यांचं टोचणं तेवढं पुढे येतं. 8 ते 10 अंश पुरे. गाळावर बरीच वर्षं काढलेली असेल तर आणखी थोडी कमी गारही चालते. आणि फ्लूट काढून ठेवा. अरुंद नळीत नाक जाणार कुठे? साधा पांढऱ्या वाइनचा ग्लास घ्या, मध्ये फुगीर आणि तोंडाशी निमुळता. अर्ध्याहून कमी भरा. पहिला घोट घेऊन ग्लास दहा मिनिटं तसाच ठेवा, मग परत हुंगा. खडूच्या जागी लिंबाची साल, भाजलेला बदाम असलं काही सापडेल.

तळघर
फ्लूटवर एवढा राग नको. बुडबुड्यांची माळ बघायची मजा तिथेच आहे, आणि फेस जास्त वेळ टिकतो.

मंद घोट
बघायला ठीक आहे हो, पण प्रश्न चवीचा आहे. शिवाय त्या माळेवरून वाइनची प्रत ठरवू नये. बुडबुडे उगवतात ते मुख्यतः ग्लासला चिकटलेल्या कापडाच्या किंवा हवेतल्या सूक्ष्म तंतूंवर. निर्दोष स्वच्छ ग्लासमध्ये माळ जवळजवळ दिसतच नाही, आणि साबणाचा अंश राहिला तर फेस जागच्या जागी बसतो. ओतताना ग्लास तिरका धरा, वायू कमी उडतो.

आंबट द्राक्षे
सर्वांचे मनापासून आभार. आत्ताच मागचं लेबल वाचलं: 'ब्लाँ द ब्लाँ', खाली डिस्गॉर्जमेंटची (म्हणजे गाळाचा खडा काढल्याची) तारीख, जेमतेम तीन महिन्यांपूर्वीची. याचा काही संबंध? आणि अजून एक बाटली आहे. ती अर्धी उरली तर तोंडात चमचा अडकवून ठेवायचा म्हणतात, ते खरं का?

कोरडा हिशेब
संबंध आहे. ब्लाँ द ब्लाँ म्हणजे फक्त पांढरी द्राक्षं, शॅम्पेनमध्ये बहुतेक वेळा निव्वळ शार्दने. तरुणपणी ती ताठ आणि खडूसारखी लागते, तुमचं नाक बरोबर आहे. पिनो न्वार, मनिए या काळ्या द्राक्षांची वाइन अंगाने जास्त भरलेली असते, तुम्हाला ती लवकर आवडेल. डिस्गॉर्ज केल्यावर काही महिने गेले की साखर वाइनमध्ये नीट मुरते, म्हणून दुसरी बाटली सहा महिने आडोशाला, गार जागी ठेवा.

मंद घोट
चमच्याचा काडीइतका उपयोग नाही. दाब धरणारं खटक्याचं झाकण मिळतं, ते लावून फ्रिजमध्ये ठेवा. गार द्रवात वायू जास्त विरघळलेला राहतो. दुसऱ्या दिवशी फेस थोडा कमी होईल, पण वास कधीकधी आदल्या दिवसापेक्षा मोकळा लागतो. आणि उघडताना तार सैल केल्यापासून अंगठा बुचावरून काढू नका. बाटली तिरकी, तोंड माणसांपासून लांब, बूच घट्ट धरून बाटली फिरवा. 'फट्' ऐवजी 'फुस्स' झालं पाहिजे.