गाडी दिराकडे, हप्ता वहिनीच्या नावावर

बी ३०२ वहिनी:
सगळ्यांना नमस्कार. काल रात्री साडेआठला गेटवर एक माणूस माझं नाव आणि फ्लॅट नंबर घेऊन वॉचमनसमोर जोरजोरात बोलत होता. तो गाडीच्या कर्जवसुलीसाठी आला होता. सकाळी लिफ्टमध्ये दोघींनी विचारलं. अर्धवट काही कानावर जाण्यापेक्षा मीच सांगते.

मार्च २०२२ मध्ये गाडी घेतली. कर्ज ६ लाख ५० हजार, मुदत ७ वर्षं, हप्ता १०,४५८. कर्ज माझ्या पगारावर, हे जामीनदार. २०२३ मध्ये माझी शाळा बदलली, मेट्रोनं जाणं सोपं झालं आणि गाडी खाली धूळ खात पडली. धाकट्या दिरांचा भिवापूरला मिरचीचा व्यापार आहे, त्यांना गाडीची गरज होती. सासूबाई म्हणाल्या, गाडी घरातच राहते, हप्ते तो भरेल. १०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर तसं लिहिलं, नोटरी केली आणि चावी दिली.

अडीच वर्षं भाऊजींनी दर महिन्याच्या ३ तारखेला माझ्या खात्यात पैसे टाकले. एकदाही आठवण करून द्यावी लागली नाही, हे मुद्दाम सांगते. यंदा आडत्याकडे त्यांचे पैसे अडकले. ५ जानेवारी आणि ५ फेब्रुवारी, दोन्ही हप्ते परत गेले. ते खातं मी हप्त्यापुरतंच ठेवलंय, त्यामुळे माझ्या लक्षात आलं नाही. बँकेत स्टॅम्पपेपर दाखवला तर म्हणाले, हा आमच्या कामाचा नाही. कोणी जाणकार असेल तर सांगा.

ए १०१ काकू:
वहिनी, राग नका मानू, पण घरातली गोष्ट ग्रुपवर कशाला? भाऊजींना बसवून बोला नं.

डी २०४ दादा:
काकू, गोष्ट त्या माणसानं आधीच गेटवर आणली. वहिनी, तुम्ही बिनधास्त लिहा. माझ्या साळ्याच्या घरी सेम हेच चालू आहे, मलाही कळू द्या.

सी ५०१ काकाजी:
वहिनी, मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली ९ वाहनकर्जाच्या टेबलावर. हे प्रकरण मी किती वेळा पाहिलं त्याचा हिशेब नाही. बहिणीनं भावाला, सासऱ्यानं जावयाला गाडी दिली, आणि मनात सगळ्यांच्या एकच की घरातच तर आहे.

बँकेनं करार तुमच्याशी केला, म्हणून बँक तुम्हालाच विचारणार. कर्जदार बदलायचा तर बँकेची संमती हवी आणि नवा करार हवा. तुमचा स्टॅम्पपेपर फुकट गेला असं समजू नका. भाऊजींनी पैसे दिले नाहीत तर त्यांच्याकडून मागायला तो पुरावा आहे. पण त्यावर बँकेची सही नाही, तर बँकेला तो बांधत नाही. आणि जामीनदाराची जबाबदारी कायद्यानं कर्जदाराइतकीच असते. म्हणजे यात तुमचे मिस्टरही आले.

आता घाई कशाची ते नीट वाचा. दिवस पहिल्या थकलेल्या हप्त्यापासून मोजतात. ५ जानेवारीपासून धरा, ५ एप्रिलला ९० दिवस होतात. त्यापुढे थकबाकी राहिली की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज. क्रेडिट स्कोअरला धक्का दोन हप्त्यांनीच बसला असेल, पण एनपीएचा डाग वर्षानुवर्षं निघत नाही. उद्या पोरीच्या शिक्षणाच्या कर्जाला तुम्ही सहकर्जदार म्हणून गेलात की तो समोर येईल. म्हणून भाऊजींचे पैसे सुटायची वाट पाहू नका. दोन हप्ते, २०,९१६ आणि वरचा दंड, आधी तुम्ही भरा. घरचा हिशेब नंतर करता येतो.

आणि तो माणूस रात्री साडेआठला आला? रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय की थकलेल्या कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोनसुद्धा करायचा नाही. चारचौघांत अपमान करणं तर अजिबात चालत नाही. गेटच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग सेक्रेटरींकडून घ्या आणि बँकेकडे लेखी तक्रार द्या. बँकेनं ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

ई १०४ ताई:
मी विम्याचं काम पाहते, म्हणून विचारते. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, आणि पॉलिसी कोणाच्या नावावर आहे? गाडीत माल जातो का?

बी ३०२ वहिनी:
दोन्ही माझ्याच नावावर. मालाचं मागच्या महिन्यात कळलं. ई-चलान माझ्या मोबाईलवर आलं. फोटो उघडला तर मागची सीट पाडलेली, काचेपर्यंत मिरचीची पोती, वरच्या कॅरियरवर आणखी दोन दोरीनं आवळलेली. गाडी इकडे नागपूरला कळमन्याच्या बाजाराकडे येत होती. नंबरप्लेट माझी. दिवाळीत ती गाडी घरी आली होती तेव्हा दार उघडताच आम्हाला शिंका आल्या होत्या. तेव्हाच समजायला हवं होतं.

ई १०४ ताई:
बाप्पा! वहिनी, हे हप्त्यापेक्षा गंभीर आहे. खासगी गाडीच्या पॉलिसीत सॅम्पल किंवा स्वतःचं सामान सोडून माल न्यायला परवानगी नसते. पोती भरलेली असताना गाडी ठोकली तर दुरुस्तीचा क्लेम अडकतो. आणि उमरेड रोडवर कोणाला धक्का लागला तर? आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात हेच धरलं. त्यात गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, तरी भरपाई नोंद असलेल्या मालकावर आली. भाऊजींना आजच फोन करा, पोती बंद.

डी २०४ दादा:
मग गाडीच परत आणा नं. दुसरी चावी तुमच्याकडे असेल.

बी ३०२ वहिनी:
आहे, कपाटातच आहे. पण असं जाऊन गाडी उचलून आणणं मला जमणार नाही. त्या गाडीवर त्यांचं घर चालतं, सासूबाई त्यांच्याकडेच असतात. काकाजी, गाडी त्यांच्या नावावर करायची म्हटलं तर?

सी ५०१ काकाजी:
होते. आरसीवर बँकेचा बोजा आहे, म्हणून बँकेच्या संमतीशिवाय आरटीओ नाव बदलणार नाही. दोन वाटा आहेत. एक, बँक भाऊजींचं उत्पन्न पाहून कर्ज त्यांच्या नावावर घेते. मिरचीवाल्याचा पैसा हंगामात येतो, आयटी रिटर्न भरलेले असतील तरच बँक ऐकेल, नाहीतर फार आशा ठेवू नका. दुसरी वाट मला जास्त सरळ वाटते. भाऊजी स्वतःच्या नावावर जुन्या गाडीचं कर्ज घेतात, त्यातून तुमचं खातं बंद होतं. बाकी साधारण सव्वातीन लाखांच्या पुढे असेल, पण बँकेकडून मुदतपूर्व फेडीचा आकडा लेखी घ्या, शुल्कासकट.

खातं बंद झालं की बँकेची एनओसी (ना हरकत दाखला) आणि फॉर्म ३५ घेऊन बोजा उतरवायचा, मग फॉर्म २९ आणि ३० नं नाव बदलायचं. राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवणं तुमच्यावर आहे. कर्ज फिटल्यावर कागद ३० दिवसांत परत द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये. लोक शेवटच्या हप्त्याचे पेढे वाटतात आणि फॉर्म ३५ फाईलमध्ये तसाच राहतो. तसं करू नका. विमाही त्याच आठवड्यात भाऊजींच्या नावावर करा.

ए १०१ काकू:
वहिनी, मी सकाळी बोलले ते मागे घेते. आमच्या मोठ्यानंही गाडी बहिणीच्या सासरी दिली आहे. आरसी कोणाच्या नावावर आहे हे मला माहीतच नाही. आज रात्री विचारते.

बी ३०२ वहिनी:
भिशीचे पैसे होते, आत्ता दोन्ही हप्ते आणि दंड भरला. पावती काकाजींना पाठवली आहे. भाऊजींशी बोलले. पहिल्यांदा गप्प राहिले, मग म्हणाले, वहिनी, माझ्यामुळे तुमच्या दारात माणूस आला, हे मला आधी का नाही सांगितलं. पोती आजपासून टेम्पोनं जातील. रविवारी रात्री ते गाडी आणि तीन वर्षांचे रिटर्न घेऊन येतात, सोमवारी बँकेत जाऊ.

सी ५०१ काकाजी:
सोमवारी १० ला खाली या, मी सोबत येतो.

बी ३०२ वहिनी:
येते, काकाजी. माझी पार्किंगची जागा सध्या एफ १०२ ला दिलेली आहे. रविवारी एका रात्रीपुरती मोकळी मिळेल का?

एफ १०२:
मिळेल. माझी गाडी स्कूटरच्या बाजूला लावतो.