ड्राइव्हवेला मराठीत काय म्हणायचं? पाणंद चालेल का?

सध्या फावल्या वेळात ओपनस्ट्रीटमॅपवर (कुणीही भर घालू शकतो असा नेटवरचा नकाशा) आमच्या गावचा भाग काढत बसलोय. मेन रस्त्यापासून एकाच्याच वस्तीपर्यंत जाणारी वाट असते ना, तिला तिथे 'हायवे=सर्व्हिस, सर्व्हिस=ड्राइव्हवे' असा टॅग आहे (तिथे पायवाटसुद्धा हायवेच असते, हसू नका). टॅग दिला, पण गावातल्या पोरांना मराठीत समजवायला गेलो आणि अडलो. आमच्याकडे सातारा साईडला सरसकट पाणंद म्हणतात, तेच वापरू का?

रानवाट: पाणंद नको! पाणंद सगळ्यांची असते. दोन्हीकडं शेतं नाहीतर कुंपण आणि मधून बैलगाडी जाईल एवढी जागा, विदर्भात तिलाच पांदण म्हणतात. गावनकाशावर गाडीरस्ता दुहेरी तुटक रेघांनी आणि पायवाट एकेरी तुटक रेघेनं दाखवलेली असते बघा. पाणंदीला कुणी गेट लावलं तर प्रकरण तहसीलदारापर्यंत जातं, ड्राइव्हवेला मालक खुशाल लावतो.

बांधावरचा: मग वहिवाट?

रानवाट: वहिवाटीत 'वाट' दिसते म्हणून माणूस फसतो. वहिवाट म्हणजे वापर, चालत आलेला हक्क. जमिनीचीही वहिवाट असते, विहिरीच्या पाण्याचीसुद्धा असते. शेतात जायला रस्ताच नाही म्हणून 1966 च्या जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली दुसऱ्याच्या बांधावरून रस्ता मागतात, तिथे भांडण हक्काचं असतं, त्या पट्ट्याला काय नाव आहे याचं नसतं.

तळकोकणी: आमच्याकडे पाखाडी, पण ती चिऱ्यांच्या पायऱ्यांची, गाडी जायचीच नाही. खाजगी कुठून सुरू होतं ते मात्र एकदम क्लिअर. गडग्यात (दगडी कुंपणात) मोकळी जागा ठेवून आडवे बांबू सरकवतात ते बेडं. बेड्याच्या आत आलात की तुम्ही पाव्हणे, बाहेर आहात तोवर वाटसरू.

सातासमुद्रापार: माझा मावसभाऊ व्हर्जिनियात खेड्यात राहतो, त्याचं घर रस्त्यावरून दिसतच नाही एवढा लांब ड्राइव्हवे. तिकडे बऱ्याच काउंट्यांत घरनंबर अंतरावरून देतात, मैलाला 1000 नंबर, म्हणजे साधारण 5.28 फुटाला एक, डावीउजवीकडे सम-विषम. नंबर 2400 म्हणजे रस्ता सुरू होतो तिथून साधारण 2.4 मैलांवर. पण मोजतात ड्राइव्हवे रस्त्याला मिळतो तिथपर्यंत, घरापर्यंत नाही! त्यामुळे मॅपची पिन कधीकधी पत्रपेटीपाशीच पडते. आणि एकाच ड्राइव्हवेवर तीनेक घरं झाली की पुष्कळ ठिकाणी त्याला रीतसर नाव देऊन पाटी लावावी लागते, 911 ला फोन केल्यावर ॲम्ब्युलन्स भलत्याच दारात जाऊ नये म्हणून.

मूळ धागाकर्ता: नावावरनं आठवलं, मी एका वाटेला 'पाटलांची वाट' असं नाव टाकलं तर कुणीतरी काढून टाकलं, म्हणे पाटी नाही, लोक तसं म्हणत नाहीत, मग नाव कसलं? आता बोला. आपल्याकडे पत्ता म्हणजे मु. पो., तालुका, जिल्हा, झालंच तर वस्तीचं नाव, रस्ता त्यात कुठेच नाही. कुरिअरवाला फोन करतो आणि आई सांगते, "चिंच ओलांडली की डावीकडं वळ, कुत्रं बांधलंय, भिऊ नको."

बांधावरचा: पोस्टाचा डिजिपिन आलाय की 2025 ला, जागेचा 10 अक्षर-आकड्यांचा कोड, साधारण चार बाय चार मीटरचा चौकोन. चिंच तरी कशाला सांगायची.

मूळ धागाकर्ता: चौकोन घराचा कळेल हो, आत शिरायचं कुठून ते चिंचच सांगते. असो, मी 'गाडीवाट' म्हणतो आणि ॲक्सेसच्या टॅगला (कुणी जायचं ते सांगणाऱ्या) प्रायव्हेट टाकतो. पण चुलत्यांचा ट्रॅक्टरपण तिथूनच जातो, मग प्रायव्हेट कसं?

रानवाट: प्रायव्हेटच टाका. प्रायव्हेट म्हणजे मालकाच्या परवानगीनं. पर्मिसिव्ह म्हणजे मालक अडवत नाही तोवर कुणीही जावं. चुलत्यांना परवानगी असणारच.

मूळ धागाकर्ता: चुलते विचारून जातात असं तुम्हाला कुणी सांगितलं?