मदत हवी आहे: पेपर परत परत येतोय, कुठल्या जर्नलला पाठवू? (तातडीचं)

सटाणेकरीण
नमस्कार मंडळी. पेपर पुन्हा परत आला. या वेळी तर आठवडाही लागला नाही. कारण म्हणून एकच ओळ: तुमचा लेख आमच्या जर्नलच्या स्कोपमध्ये बसत नाही. जर्नल भाषाशिक्षणाचं, पेपरही भाषाशिक्षणावर, मग बसत नाही म्हणजे काय? गाईडना विचारलं तर 'प्रयत्न सोडू नका' एवढंच. मला या महिन्यात हातात काहीतरी हवंय. पटकन छापणारं पण खोटं नसलेलं जर्नल सुचवा. नाशिकमध्ये हे काम करून देणारं कोणी असेल तर तेही सांगा. 'धीर धरा' छाप प्रतिसाद नकोत, आधीच सांगते.

गोदाघाट
ताई, कुठल्या जर्नलनं परत पाठवला? पेपर मराठीत आहे की इंग्रजीत? पीएचडीसाठी हवाय की प्रमोशनसाठी? किती शब्दांचा आहे? यातलं काहीच लिहिलं नाहीत तर आम्ही सांगायचं काय, कपाळ?

पैसे_वसूल
एवढा विचार कशाला करता? दीड-दोन हजार भरा, तीन दिवसांत छापून येतो, सर्टिफिकेट पण मिळतं. आयएसएसएन असतो की त्याला. माझे असेच छापलेत, कोणी विचारलं नाही.

शेरा_मारणारा
वरच्या प्रतिसादाकडे कृपया दुर्लक्ष करा. आयएसएसएन हा नियतकालिकाचा नुसता आठ अंकी ओळख क्रमांक आहे. मागितला की मिळतो, दर्जाशी त्याचा काडीचा संबंध नाही. तीन दिवसांत 'पीअर रिव्ह्यू' (विषयातल्या तज्ज्ञांकडून तपासणी) होत नसतो. मी रिव्ह्यू करतो, एक लेख नीट वाचायला मला दोन रविवार लागतात.

पैसे_वसूल
सर, तुमचे रविवार तुमच्यापाशी. सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) तासाला किती मिळतात ते माहितेय का? लोकांना मुलाखतीला यादी दाखवावी लागते.

सटाणेकरीण
@गोदाघाट, पेपर अर्थातच इंग्रजीत आहे, इंग्रजी शिकवण्यावर आहे. मीही सीएचबीवरच आहे, पीएचडी सबमिशन तोंडावर आलंय. जर्नलचं नाव देत नाही, उगाच वाद नको. परदेशी आहे, मोठ्या प्रकाशनाचं. शब्द अकरा हजारांच्या आसपास.

शेरा_मारणारा
अकरा हजार! मिळालं उत्तर. ईएलटी (इंग्रजी अध्यापन) जर्नल घेतं चार हजारांच्या आत. टीसॉल क्वार्टरलीत पूर्ण लांबीचा लेखसुद्धा साडेआठ हजारांपर्यंत. केंब्रिजचं 'लँग्वेज टीचिंग' तर मुख्यतः आढावालेख छापतं, तिथे वर्गातला प्रयोग पाठवला तर 'स्कोपमध्ये नाही' हेच उत्तर येणार. नाव भाषाशिक्षणाचं आहे म्हणून भाषाशिक्षणावरचं सगळं चालतं असं नाही. पाठवण्याआधी त्या जर्नलचे मागच्या दोन वर्षांचे अंक चाळलेत का? आणि तुमचा लेख म्हणजे प्रबंधाचं आख्खं प्रकरण उचलून दिलंय ना?

पीएचडी_अजून_चालू
ताई, मुळात सबमिशनसाठी पेपर लागतोच का ते बघा आधी. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नोव्हेंबर २०२२ च्या पीएचडी नियमावलीत पेपरची सक्ती काढली आहे. २०१६ च्या नियमात होती. फक्त तुमची नोंदणी कधीची आणि विद्यापीठाचं स्वतःचं परिपत्रक काय म्हणतं ते नाशिकच्या उपकेंद्रात किंवा पुण्याला गणेशखिंडीत विचारून लेखी घ्या. गाईडच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. आमच्याकडे अजून २०१६ चाच नियम चालू आहे असं समजणारे आहेत.

गोदाघाट
+१. आणि 'केअर लिस्टमधलं जर्नल पाहिजे' असं कोणी म्हणत असेल तर त्यांना सांगा, यूजीसीने ती मान्य जर्नलांची यादीच बंद केली, फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर सूचना काढून. आता यादी नाही, निकष दिलेत आणि दर्जा तपासायची जबाबदारी संस्थांवर. तरी कॉलेजात अजून 'केअर ग्रुप वन आहे का' हाच पहिला प्रश्न.

भाऊसाहेब_७२
नमस्कार. माझ्या मते पेपर श्रीलिपीत टाइप केला असेल तर आधी युनिकोडमध्ये करून घ्यावा. नाहीतर संपादकाकडे फाइल उघडल्यावर चौकोन दिसतात. मी अशोक स्तंभाजवळ एकाकडून करून घेतलं होतं, चांगलं काम करतो. जोडाक्षरं मात्र पुन्हा तपासावी लागतात, 'श्र' आणि 'र्‍या' हमखास बिघडतात.

गोदाघाट
काका, पेपर इंग्रजीत आहे.

भाऊसाहेब_७२
तेच तर दुखणं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आणि आपले संशोधक लिहिणार इंग्रजीत. पुण्याच्या मराठी अभ्यास परिषदेचं 'भाषा आणि जीवन' आहे, अशोक केळकरांसारख्या भाषावैज्ञानिकानं उभं केलेलं. तिथे का नाही पाठवत?

पीएचडी_अजून_चालू
काका, सल्ला वाईट नाही, पण त्यांचा विषय इंग्रजी अध्यापनाचा आहे. मुलाखतीच्या पॅनलवरचा इंग्रजीचा प्राध्यापक काय म्हणेल?

भाऊसाहेब_७२
त्यालाही मराठी वाचता येत असेलच की.

सटाणेकरीण
विषय भरकटतोय. अ‍ॅबस्ट्रॅक्टचा (लेखाच्या सारांशाचा) मजकूर मराठीत सांगते, म्हणजे कल्पना येईल: "इंग्रजी ही आज जागतिक भाषा आहे. भारतात इंग्रजीचे महत्त्व वाढत आहे. ग्रामीण विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकताना अनेक अडचणी येतात. प्रस्तुत लेखात या अडचणींचा अभ्यास करून उपाय सुचवले आहेत." यात काय चूक आहे?

शेरा_मारणारा
चूक काही नाही. पण यातलं एकही वाक्य फक्त तुम्हीच लिहू शकला असता असं नाही. पहिली दोन वाक्यं संपादकाने हजार वेळा वाचलेली असतात. कुठले विद्यार्थी, कितवीतले, घरी कुठली भाषा बोलणारे? तुम्ही नेमकं केलंत काय आणि दिसलं काय? अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये निष्कर्ष लपवून ठेवायचा नसतो, ती रहस्यकथा नव्हे.

सटाणेकरीण
बागलाण तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, सहावी-सातवी. मुलं घरी अहिराणी बोलतात, शाळेत मराठी, त्यावर इंग्रजी. चित्र दाखवून पाच वाक्यं लिहायला सांगायचे. आधी नुसतं लिहायला दिलं तर 'धिस इज वेल, धिस इज गर्ल' एवढंच. मग गटात आधी अहिराणीत बोलू दिलं. एक मुलगा म्हणाला "पोरगी पानी भरी ऱ्हायनी, तिनी घागर फुटेल शे" आणि नंतर कागदावर लिहिलं 'गर्ल इज फिलिंग वॉटर बट हर पॉट इज ब्रोकन'. स्पेलिंगं तीन चुकली, पण 'बट' आला! आधीच्या वह्यांमध्ये 'बट' शोधून सापडत नव्हता. दोन्ही वेळच्या वह्या माझ्याकडे आहेत. हे चौथ्या प्रकरणात आहे, शेवटी.

शेरा_मारणारा
अहो मग हाच पेपर आहे! शेवटी काय ठेवलंय? घरच्या भाषेत आधी बोलू दिलं तर इंग्रजी लेखनात वाक्यं जोडणारे शब्द वाढतात का, एवढा एकच प्रश्न घ्या. दोन्ही वेळच्या वह्यांमधले 'बट', 'बिकॉज', 'सो' मोजा. बाकीच्या 'अडचणी आणि उपाय' प्रबंधात राहू देत. याला ट्रान्सलँग्वेजिंग म्हणतात, वेल्समध्ये केन विल्यम्स यांनी १९९४ मध्ये मांडलेली कल्पना, पुढे ओफेलिया गार्सिया वगैरेंनी वाढवली. भारतातलं काम म्हणून बहुभाषिक शिक्षणावरचा मल्टिलीला प्रकल्प बघा, दिल्ली, हैदराबाद आणि पाटण्याच्या शाळांतला. तो वाचला नसेल तर रिव्ह्यूअर पहिला प्रश्न तोच टाकेल. तुमच्याकडे अहिराणी आहे, हे त्यांच्याकडे नाही.

खान्देशना_पोऱ्या
वा! ताई, जबरदस्त काम. फक्त पेपरात अहिराणीला 'मराठीची बोली' लिहू नका ही विनंती. ग्रिअर्सनने भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणात, १९०७ च्या खंडात, खान्देशीला (म्हणजे अहिराणीला) मराठीसोबत नाही, भिल्ल भाषांसोबत ठेवलंय. नववा खंड, तिसरा भाग.

भाऊसाहेब_७२
ग्रिअर्सनने इंग्रज अंमलदारांकडून नमुने गोळा केले होते. त्याचं वर्गीकरण म्हणजे वेदवाक्य नव्हे. सटाण्याचा माणूस आणि नाशिकचा माणूस एकमेकांशी बोलतातच ना?

खान्देशना_पोऱ्या
काका, सटाण्याचा माणूस तुमच्यासाठी मराठी बोलतो म्हणून. तुम्ही मालेगावच्या बाजारात उभे राहून बघा किती कळतं.

गोदाघाट
अहिराणीसाठी वेगळा धागा काढा रे. ताई, 'घरची भाषा अहिराणी' एवढं लिहा, बोली की भाषा या भानगडीत पडू नका.

कॉलेजरोड_कट्टा
अवांतर: सटाण्याहून नाशिकला येताना वणी फाट्याच्या आसपास चांगली मिसळ कुठे मिळते? कॉलेज रोडला सगळीकडे आता चीज घालतात.

पैसे_वसूल
शेरा सर एवढा अभ्यास सांगतायत, पण महिन्यात होणार का हे? ताईंनी महिन्यात म्हटलंय. नाशिकमध्ये करून देणारा आहे एक, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पेपर लिहून पण देतो.

शेरा_मारणारा
महिन्यात होणार नाही. चांगल्या ठिकाणी पहिलं उत्तर यायलाच दोन-चार महिने जातात, दुरुस्त्या वेगळ्या. 'लिहून देतो' वाल्याचं नाव इथे उघड टाका की, व्यनि कशाला?

पीएचडी_अजून_चालू
ताई, 'लिहून देतो' वाले जुना मजकूर फिरवून देतात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दुसऱ्याच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांपर्यंत चालतं, ४० च्या वर गेलं तर वर्षभर सुधारित प्रबंध जमा करता येत नाही, ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. दोन हजारांसाठी आख्खी पीएचडी पणाला लावायची का?
आणि पैसे भरून छापणारे 'इम्पॅक्ट फॅक्टर ७.८' वगैरे लिहितात ना, खरा इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या लेखांचे सरासरी किती उल्लेख होतात तो आकडा) क्लॅरिव्हेट ही कंपनी देते, त्यांच्या यादीत जर्नल नसेल तर तो आकडा शोभेचा. वेबसाइटचा पत्ता पण बघा, नावाजलेल्या जर्नलांच्या हुबेहूब खोट्या साइट काढतात. केअर यादी चालू होती तेव्हा त्यावर अशा नकली जर्नलांची वेगळी यादी दिलेली असायची.

सटाणेकरीण
ठीक आहे, पैसे भरणार नाही. पण मग पाठवू कुठे ते कोणीच सांगत नाहीये. सध्या तोच पेपर आणखी दोन ठिकाणी दिलेला आहे, एक भारतातलं, एक बाहेरचं. ते काय म्हणतात बघते.

गोदाघाट
थांबा थांबा. एकाच वेळी दोन ठिकाणी?

सटाणेकरीण
हो. लग्नाचं स्थळ आहे का ते, एकाला एकच दाखवायला? तीन महिने एकानं अडकवून ठेवायचं आणि मी वाट बघत बसायचं?

शेरा_मारणारा
तक्रार रास्त आहे, नियम तरी तोच आहे. पाठवताना ज्या चौकोनावर खूण केलीत त्यात लिहिलेलं असतं की हा लेख दुसरीकडे विचाराधीन नाही. विषय एवढा छोटा की दोन्हीकडून रिव्ह्यूसाठी एकाच माणसाकडे जाऊ शकतो. मला एकदा तसा आला होता, मी दोन्ही संपादकांना कळवलं. आजच एकीकडून मागे घ्या. 'विथड्रॉ करत आहे' अशी दोन ओळींची मेल पुरते, कारणांची कहाणी लिहू नका.

पैसे_वसूल
म्हणजे तुम्हीच लोकांची वाट लावता.

पीएचडी_अजून_चालू
कुठे पाठवायचं त्याबद्दल: अझीम प्रेमजी विद्यापीठाचं 'लँग्वेज अँड लँग्वेज टीचिंग' आहे, वर्गातल्या कामावर छोटे लेख घेतं, पैसे नाहीत. टेस्ल-ईजे १९९४ पासून ऑनलाइन आहे, लेखकालाही फुकट आणि वाचकालाही. सिंगापूरचं रेल्क जर्नल आशियातल्या वर्गांवरचं काम घेतं, पण तिथे रांग मोठी. चेन्नईच्या एल्टाई या इंग्रजी शिक्षकांच्या संघटनेचं जर्नल पण आहे. 'इंडियन लिंग्विस्टिक्स'ला पाठवू नका, ते भाषाविज्ञानाचं, लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ इंडियाचं. तिथे अहिराणीच्या क्रियापदांवर लिहिलंत तर गोष्ट वेगळी.
मोठ्या प्रकाशनांत लेख स्वीकारल्यावर ओपन अ‍ॅक्सेस (सगळ्यांना फुकट वाचता येणारं) हवं का असं विचारतात, त्याला 'नको' म्हणा. नाहीतर डॉलरमध्ये बिल येतं आणि माणूस घाबरून लेख मागे घेतो. 'नको' म्हटलं की हायब्रिड (दोन्ही पर्याय देणारं) जर्नल फुकट छापतं.

गोदाघाट
गाईडचं नाव सहलेखक म्हणून टाकणार असाल तर प्रमोशनच्या गुणांचा हिशोब माहीत असू द्या. २०१८ च्या यूजीसी नियमांत भाषा विषयात पेपरला १० गुण, दोन लेखक असले की प्रत्येकी ७० टक्के.

सटाणेकरीण
गाईडचं नाव टाकायचं का हा माझा प्रश्नच नव्हता.

गोदाघाट
पुढे पडेल.

शेरा_मारणारा
फाइल पाठवताना स्वतःचं नाव काढा, रिव्ह्यूअरला लेखक कोण ते कळायला नको. नुसतं पहिल्या पानावरून नाही, फाइलच्या प्रॉपर्टीजमध्येही असतं. 'माझ्या नाशिकच्या कॉलेजात' असं मजकुरात असेल तर तेही झाका. शाळेचं नाव तर अजिबात नको. आणि मुलांच्या वह्या वापरताय, तर मुख्याध्यापकांचं पत्र आणि पालकांची संमती आहे ना? हल्ली हे पहिल्याच फॉर्ममध्ये विचारतात.

सटाणेकरीण
मुख्याध्यापकांचं पत्र आहे. पालकांच्या सह्या घेतल्यात, काहींचे अंगठे आहेत, फॉर्म मराठीत आहे, वाचून दाखवून अहिराणीत समजावला होता. चालेल का? बाहेरच्या जर्नलकडून आजच मागे घेतला. भारतातलं ठेवलंय, पण तिकडे पण तो अकरा हजारांचाच गेलाय.

शेरा_मारणारा
संमती चालेल. कोऱ्या फॉर्मचं इंग्रजी भाषांतर जोडा, आणि 'घरच्या भाषेत समजावून सांगितलं, अंगठाही ग्राह्य धरला' हे पद्धतीच्या भागात एका वाक्यात लिहा. अकरा हजारांचा तिकडूनही मागे घ्या आणि चार हजारांचा नवा करा. 'बट'पासून सुरुवात करा.

कॉलेजरोड_कट्टा
मिसळीचं कोणी सांगितलंच नाही.