मेंटेनरची खुर्ची आजन्म असावी का?

अर्धविराम:
ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रकल्पाचा मेंटेनर, म्हणजे तो सांभाळणारा माणूस, आजन्म असू नये, असं माझं ठाम मत. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचंच घ्या. पेप ५७२ या भाषेतल्या बदलाच्या प्रस्तावावरच्या वादावादीला विटून तिचे जनक गिडो व्हॅन रॉसम जुलै २०१८ मध्ये पायउतार झाले. वारस नेमला नव्हता. कारभार कसा चालवायचा यावर महिनोन् महिने खल झाला, तेव्हा कुठे २०१९ च्या सुरुवातीला पाच जणांची निवडून आलेली स्टीअरिंग कौन्सिल बसली. (एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त लोक तिथे चालत नाहीत, हे कलम मला फार आवडतं.) डेबियन ही लिनक्स प्रणाली बनवणारा प्रकल्प तर प्रोजेक्ट लीडर दरवर्षी निवडतो. माणूस थकायच्या आधी हे ठरवून ठेवायला काय जातं?

तिरकस:
माणसं लागतात, हे जातं! बहुतेक प्रकल्पांत मतदार एक आणि उमेदवारही तोच. शिवाय "अधिकार सोडा" म्हणणाऱ्यांनी एक्सझेड हे फाइल आकसवणारं टूल आठवावं. मेंटेनर एकटा, थकलेला. अनोळखी लोकांनी तगादा लावला की पॅच (पाठवलेल्या कोड-दुरुस्त्या) पडून आहेत, दुसऱ्याकडे सोपवा. गोडीगुलाबीने पॅच पाठवणारा हाताशी होताच, अधिकार त्याच्याकडे गेले. मार्च २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये बॅकडोअर (लपवलेली चोरवाट) निघालं, तेही एसएसएचने दूरच्या मशीनवर लॉगिन करताना अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे पोस्टग्रेस या डेटाबेसच्या एका डेव्हलपरला खटकलं म्हणून. तो तगादा आणि वरचं तुमचं मत शेजारी ठेवून वाचा.

अर्धविराम:
तिथे अधिकार वाटले कुठे? एकाच्या हातातून दुसऱ्या एकाच्या हातात गेले. रिलीजचे टारबॉल (नव्या आवृत्तीच्या कोडची बांधलेली गाठोडी) तो नवा माणूसच बनवत होता, आणि बॅकडोअर जागं करणारा तुकडा फक्त टारबॉलमध्ये होता, गिट रेपोत, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात, नव्हताच. अपाची फाउंडेशनच्या प्रकल्पांत रिलीजला पीएमसीची (प्रकल्प चालवणाऱ्या समितीची) किमान तीन +१, म्हणजे होकाराची, मतं लागतात. सोर्स पॅकेज स्वतः उतरवून, सही तपासून, बिल्ड करून मगच मत द्यायचं.

बिनपगारी:
तुमचं चालू द्या. मी एका छोट्या कोड-लायब्ररीचे इश्यू, म्हणजे लोकांनी नोंदवलेल्या तक्रारी, बघतो. डुप्लिकेट शोधायचे, "व्हर्जन कोणतं? एरर पूर्ण टाका" हेच दिवसभर. कोडला हात लावायची हौसही नाही, तरी साधं लेबल लावायचा हक्क मिळता मिळेना. मेंटेनरला धसका, एक दार उघडलं की सगळीच उघडतील. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर ट्रायज (कोडला हात न लावता इश्यूंची छाननी) हा रोल वेगळा असतो, पण रेपो ऑर्गनायझेशनखाली असेल तरच. आमचा अजून त्यांच्या वैयक्तिक खात्यावर. हलवा म्हटलं की विषय बदलतात.

तिरकस:
ट्रायज आजच द्या, वाद नाही. पण तीन मतं? जिथे महिन्याला एखादा पॅच येतो तिथे तपासणारे आणायचे कुठून? सुरक्षेचा पॅच तिसऱ्या मतासाठी अडला तर शिव्या मेंटेनरच खाणार ना?

अर्धविराम:
मग दोन करा. दुसरं कोणी नसेल तर रीडमीत (प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलीत) पहिल्याच ओळीत लिहा, "मेंटेनर एकच, वारस नाही". फुकट वापरणाऱ्या कंपन्यांना कळू दे आपण कशावर उभ्या आहोत.

तिरकस:
आणि ते वाचून त्या माणूस देतील? सरळ फोर्क करतील, कोडची प्रत घेऊन आपलं वेगळं चालवतील.

बिनपगारी:
करू देत की. इश्यू पण घेऊन जा म्हणावं.