वॉटर जेटपॅक : पोहता येत नाही, तरी करावं का?

केळीपट्टा_रावेर
राम राम मंडळी. डिसेंबरमधे गोव्याला चाललोय, मी, बायको आणि शालक, भुसावळहून गोवा एक्सप्रेसची तिकिटं पण झालीत. शालकाने ते पाण्याच्या फवाऱ्यावर हवेत उडायचे व्हिडिओ दाखवले तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे, करायचं म्हणजे करायचंच. पण मला पोहता येत नाही, आमच्याकडची पोरं विहिरीत शिकली, मला आईने कधी विहिरीकडे फिरकू दिलं नाही. वजन नव्वदच्या वर आहे, चष्मा आहे. पायाखालचा बोर्ड बरा की पाठीवरचा जेटपॅक? आणि मशीन मधेच बंद पडली तर माणूस कसा पडतो? कोणी खरंच केलंय त्यांनी सांगा, व्हिडिओ पाहून नको.

चाळीसगावचा_भटक्या
भो, मी गोव्यात फ्लायबोर्ड केलाय. गोव्यात बोर्ड मिळतो, पाठीवरचा जेटपॅक मिळेल का ते आधी फोन करून विचारून घे. लाइफ जॅकेट असतं त्यामुळे बुडायची भीती फार कमी, पण पोहता न येणाऱ्याला खरा त्रास वर गेल्यावर होत नाही, सुरुवातीला होतो. पायात बूट अडकवलेले, आडवं पडून तरंगायचं, तोंडावर लाटा येतात, नाकात खारं पाणी जातं, आणि तेवढ्यात ट्रेनर ओरडतो पाय सरळ कर म्हणून. ज्याला पाण्याची सवय नाही तो तिथंच घाबरतो आणि त्याची सगळी वेळ उठायच्या धडपडीत जाते. म्हणून माझं ऐक, अजून वेळ आहे, जळगावला एखाद्या स्विमिंग पूलला जाऊन नुसतं तरंगायला आणि पाण्यात तोंड घालून श्वास सोडायला शीक. हात मारत पोहता नाही आलं तरी चालेल. उभं राहताना गुडघे वाकवू नको, वाकवले की पडलाच. चष्मा काठावर ठेव. आणि पैसे देण्याआधी एवढं विचार की वेळ पाण्यात उतरल्यापासून मोजणार की वर उचलल्यापासून. सकाळचा स्लॉट घे, दुपारनंतर वारा वाढतो.

पंप_आणि_पाइप
मशीनचं मी सांगतो. तुमच्या अंगावर इंजिन नसतंच. खाली पाण्यात जेटस्की, म्हणजे पाण्यावर चालणारी स्कूटर, असते, तिचा पंप एरवी पाणी मागे फेकून स्कूटर पुढे नेतो, इथं तेच पाणी पाइपात वळवतात आणि तुमच्या पायाखालच्या नाहीतर खांद्याजवळच्या नोझलमधून जोरात खाली सोडतात. मोटार चालू केल्यावर हातातला पाइप मागे कसा रेटतो ते रावेरच्या शेतकऱ्याला सांगायला नको, तोच जोर इथं माणसाला उचलतो. बोर्डाचा पाइप साधारण चार इंची असतो, म्हणजे मीटरमागे आठेक किलो पाणी. तुम्ही दहा मीटर वर गेलात तर तुमच्या वजनाशिवाय जवळजवळ ऐंशी किलो पाणी लटकलेलं असतं, म्हणून वाटेल तितकं उंच जाता येत नाही, आणि वजनदार माणसाला इंजिनही तगडं लागतं. वजनाची मर्यादा प्रत्येकाची वेगळी, बुकिंगच्या वेळी खरं वजन सांगा, लपवू नका.
फ्लायबोर्ड काढला फ्रान्सच्या फ्रँकी झपाटाने, 2011 च्या सुमारास, तो स्वतः जेटस्कीचा रेसर. 2019 मधे तो इंग्लिश खाडी उडून पार झाला त्याचे व्हिडिओ पण फिरतात, पण ते यंत्र पाण्यावर चालणारं नव्हतं, त्यात छोटी जेट इंजिनं होती. दोन्हींची गल्लत करू नका.
इंजिन बंद पडलं तर जोर जातो आणि माणूस सरळ खाली येतो, त्यासाठीच खाली खोल पाणी लागतं, चार मीटर तरी पाहिजेच. नवशिक्याला ट्रेनर फार वर नेत नाही, आणि अ‍ॅक्सिलरेटर त्याच्याच हातात असतो. त्याने आधी खोली दाखवली नाही, हेल्मेट दिलं नाही, तर सरळ परत फिरा.

धुळ्याची_ताई
दादा, मी दुबईला पाठीवरचा केला. मला तो सोपा वाटला, कारण बसायला छोटं सीट असतं, पट्टे आवळलेले असतात, आणि तोल पायांवर सांभाळावा लागत नाही. पण खांदे आणि कंबर दुसऱ्या दिवशी चांगलीच दुखते. कंबरेचा, मानेचा किंवा कानाचा जुना त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पोटावर आडवं आपटलं की जोरात लागतं, तोल गेला तर पाय खाली ठेवून पडायचं, आणि पडताना पाइप आणि जेटस्कीपासून लांब. आदल्या रात्री दारू नको, हे शालकाला पण सांगा. वहिनींना दिवस गेलेले असतील तर त्यांनी अजिबात करू नये. वर गेल्यावर मात्र जे वाटतं ना, ते मला अजून आठवतं, खाली सगळं पाणी आणि आपण त्याच्याच जोरावर उभे.

केळीपट्टा_रावेर
ताई, भाऊ, मनापासून धन्यवाद. पूल उद्याच शोधतो. अजून एक, हे आपल्या हतनूर धरणावर का सुरू करत नाहीत? एवढं पाणी आहे.

पंप_आणि_पाइप
हतनूर गाळाने भरलंय भाऊ. जेटस्की पाणी खालून ओढते, उथळ गाळाच्या पाण्यात माती आणि शेवाळ पंपात जाऊन तो जाम होईल. आणि हिवाळ्यात तिथं लांबून पक्षी येतात, त्यांच्यात असा आवाज मला तरी नको वाटतो. ते पाणी पक्ष्यांना राहू द्या.

चाळीसगावचा_भटक्या
पटलं. रावेर भाऊ, जपीसन जायजो, आणि परत आला की इथं लिही, पूलचा किती फायदा झाला ते.